‘तिची संमती होती’ या बचावाला मराठीत काय म्हणावे, आणि कायद्यात त्याला स्थान किती?

शब्दवेडी

नमस्कार. स्त्रियांच्या हत्यांच्या खटल्यांवरील एक दीर्घ इंग्रजी लेख मी एका मासिकासाठी मराठीत आणते आहे आणि त्यातील एका संज्ञेपाशी आठवडाभर अडून बसले आहे. पुरुषाच्या हातून स्त्रीचा जीव जातो, तो गळा दाबल्याने किंवा जबर मारहाणीने गेलेला असतो, आणि आरोपी न्यायालयात सांगतो की जे घडले ते शरीरसंबंधाच्या ओघात, तिच्या इच्छेने, किंबहुना तिच्याच मागणीवरून घडले. इंग्रजी वृत्तपत्रे याला ‘रफ सेक्स डिफेन्स’ म्हणतात. ‘आडदांड संभोगाचा बचाव’ हे भाषांतर मी एकदा लिहून लगेच खोडले. ‘संमतीचा बचाव’ कानाला बरे वाटते, पण ते बरोबर आहे का, याबद्दल मन साशंक आहे, कारण मुळातली कायद्याची गुंतागुंतच मला नीट उलगडलेली नाही.

माझी अडचण अशी. लेखात म्हटले आहे की इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे तेथील सर्वोच्च अपील न्यायालय) १९९३ साली ‘आर विरुद्ध ब्राउन’ (‘आर’ म्हणजे राजसत्ता, अर्थात सरकारी पक्ष) या प्रकरणात ठरवून टाकले की शारीरिक इजा करण्याच्या गुन्ह्याला, ती इजा लैंगिक सुखासाठी केली असली तरी, समोरच्याची संमती हा बचाव होऊ शकत नाही. पुढे त्याच लेखात म्हटले आहे की २०२१ च्या घरगुती अत्याचार कायद्याने हा बचाव रद्द केला. जे दार १९९३ सालीच बंद झाले होते, ते २०२१ मध्ये पुन्हा बंद करण्याची वेळ का आली? आणि मधल्या काळात तेथे याच कहाणीच्या जोरावर आरोपींना सौम्य शिक्षा कशा झाल्या? दुसरा प्रश्न आपल्याकडचा: भारतीय कायद्यात असा दावा करता येतो का? जाणकारांनी सविस्तर लिहिले तर उपकार होतील, कारण संपादकांना तळटीपही हवी आहे.

साक्षीपुरावा

शब्दवेडीताई, तुमच्या प्रश्नातच उत्तराचे टोक आहे. १९९३ साली जे दार बंद झाले त्या दाराने हे आरोपी आत आलेच नव्हते. ते शेजारच्या दाराने आले, आणि ते दार २०२१ नंतरही उघडेच आहे.

इंग्लंडमध्ये खून सिद्ध करायचा तर आरोपीचा हेतू जीव घेण्याचा, निदान गंभीर दुखापत करण्याचा होता, हे सरकारी पक्षाला सिद्ध करावे लागते. तो हेतू सिद्ध झाला नाही तर गुन्हा मनुष्यवधावर येतो, आणि मनुष्यवधाची शिक्षा जन्मठेपेपासून अगदी थोड्या वर्षांपर्यंत कुठेही असू शकते. आता आरोपी जेव्हा म्हणतो की ‘तिनेच मला गळ्यावर हात ठेवायला सांगितले होते, आम्ही नेहमीच असे करत असू, त्या रात्री अंदाज चुकला’, तेव्हा तो वकिली भाषेत संमतीचा बचाव घेतच नसतो. तो इतकेच सांगत असतो की माझ्या मनात तिला मारण्याचे किंवा तिला गंभीर इजा करण्याचे नव्हते. संमती या शब्दाचा उपयोग हेतू पुसण्यासाठी होतो. ब्राउनच्या निकालात हेतूविषयी असे काही नव्हते ज्याने या युक्तिवादाला अटकाव व्हावा. त्या प्रकरणात कोणी मेले नव्हते, आणि आरोप १८६१ च्या जुन्या कायद्याच्या कलम २० आणि ४७ खाली, म्हणजे जखम करणे आणि प्रत्यक्ष शारीरिक इजा करणे, एवढ्यापुरते होते.

ज्या प्रकरणामुळे इंग्लंडमध्ये हा विषय पेटला ते पाहा. २०१६ च्या डिसेंबरात एका तरुण स्त्रीचा घरात मृत्यू झाला. अंगावर चाळीसहून अधिक जखमा होत्या, तिने बरेच मद्य घेतलेले होते, आणि जोडीदार तिला जिन्याच्या पायथ्याशी तशीच सोडून झोपायला गेला होता. आरोप खुनाचा ठेवला गेला. खटला चालू असताना सरकारी पक्षाने तो मागे घेतला, आरोपीने अक्षम्य निष्काळजीपणामुळे झालेल्या मनुष्यवधाची कबुली दिली, आणि २०१८ च्या डिसेंबरात त्याला ३ वर्षे ८ महिन्यांची शिक्षा झाली. ‘संमती होती म्हणून निर्दोष’ असे या निकालात कोठेही म्हटलेले नाही. जखमा संमतीच्या कहाणीत गुंडाळल्या गेल्या, आणि उरला तो फक्त तिला वेळेवर मदत न मिळवून देण्याचा निष्काळजीपणा. गुन्ह्याचे नावच बदलले.

या निकालानंतर ‘वुई कान्ट कन्सेंट टू धिस’ ही मोहीम उभी राहिली. तिने १९७२ पासूनची ब्रिटनमधील सुमारे ६० स्त्रियांच्या हत्यांची प्रकरणे गोळा केली, ज्यांत आरोपीने असा काहीतरी दावा केलेला होता. हॅरिएट हार्मन आणि मार्क गार्निए या परस्परविरोधी पक्षांच्या दोन खासदारांनी संसदेत विषय लावून धरला, आणि त्यातून २०२१ च्या कायद्यात कलम ७१ आले. ते सांगते की लैंगिक सुखासाठी गंभीर इजा सहन करण्यास समोरच्याने संमती दिली होती, हा बचाव नाही. कलमातली यादी पाहिली तर त्यात १८६१ च्या कायद्यातील १८, २० आणि ४७ ही कलमे आहेत. ब्राउनचे तत्त्व निकालातून उचलून कायद्याच्या पुस्तकात छापले गेले, एवढाच त्याचा खरा अर्थ. त्याला काहीच किंमत नाही असे मी म्हणत नाही, कारण पोलीस आणि वकील निकालापेक्षा कलम लवकर वाचतात. मात्र ‘माझा तसा हेतू नव्हता’ म्हणण्याचा आरोपीचा अधिकार त्याने काढून घेतलेला नाही, आणि कोणताही सुसंस्कृत कायदा तो काढून घेऊही शकत नाही.

त्याच कायद्याच्या कलम ७० कडे मात्र लोकांचे कमी लक्ष गेले, जे माझ्या मते अधिक कामाचे आहे. जीव न जाता गळा दाबणे किंवा श्वास कोंडणे हा तेथे स्वतंत्र गुन्हा झाला, आणि ७ जून २०२२ पासून तो अमलात आहे. त्याला कमाल शिक्षा ५ वर्षे. मृत्यूच्या आधीच्या रात्री, आधीच्या महिन्यांत काय घडत होते याची नोंद यामुळे निदान पोलीस ठाण्यात राहू लागली.

न्यूझीलंडचे उदाहरण शेजारी ठेवले म्हणजे फरक चटकन दिसेल. ऑकलंडमध्ये २०१८ च्या डिसेंबरात एका ब्रिटिश पर्यटक तरुणीचा गळा दाबून मृत्यू झाला आणि आरोपीने हाच दावा केला. तेथील १९६१ च्या गुन्हेविषयक कायद्याचे कलम ६३ सांगते की स्वतःवर मृत्यू ओढवून घेण्यास संमती देण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण निकाल त्या कलमापेक्षा कलम १६७ च्या भाषेमुळे सोपा झाला असे मला वाटते: मृत्यू ओढवण्याचा संभव आहे हे ठाऊक असलेली इजा जाणूनबुजून करणे आणि मृत्यू होवो न होवो याची पर्वा न करणे, हाही तेथे खूनच आहे. ज्यूरीने साधारण पाच तासांत दोषी ठरवले, आणि २०२० च्या फेब्रुवारीत किमान १७ वर्षांच्या मुदतीसह जन्मठेप झाली. इंग्लंडच्या व्याख्येत बेपर्वाईला खुनाच्या पंक्तीत जागा नाही. तेथील सगळा वाद या एका गाळलेल्या जागेभोवती फिरतो.

न्यायवैद्यक

कायद्याचे वर लिहून झाले आहे, म्हणून शवागाराच्या बाजूने थोडे. शवविच्छेदनाच्या टेबलापाशी अनेक वर्षे उभे राहिल्यावर ‘क्षणात झाले, कळलेच नाही’ या वाक्याबद्दल माझ्या मनात फारसा आदर उरलेला नाही, तरीही डॉक्टरने जे ठाऊक आहे तेवढेच बोलावे, म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

मानेतील रक्तवाहिन्यांवर पुरेसा दाब पडला तर माणूस साधारण दहा सेकंदांत शुद्ध हरपू शकतो. मृत्यू मात्र सहसा इतक्या लवकर येत नाही. शुद्ध गेल्यानंतरही दाब काही मिनिटे टिकावा लागतो, आणि समोरचे शरीर शिथिल पडले आहे, प्रतिसाद देत नाही, हे दाबणाऱ्याच्या हातांना त्या मिनिटांमध्ये कळत असते. ऑकलंडच्या खटल्यात सरकारी पक्षाचा भर नेमका यावरच होता. अपवाद आहेत: मानेवरील दाबाने प्रतिक्षिप्त क्रिया होऊन हृदय एकाएकी थांबल्याचे वर्णन न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत आहे, आणि बचाव पक्षाचा तज्ज्ञ त्याचा उल्लेख हमखास करतो. ते दुर्मिळ असते, अशक्य नसते. म्हणूनच साक्षीच्या पिंजऱ्यात ‘असे होऊच शकत नाही’ असे मी कधी म्हटलेले नाही. मानेच्या आतील स्नायूंमधील रक्तस्राव, चेहऱ्यावरील आणि डोळ्यांतील बारीक रक्तबिंदू आणि नखांच्या खुणा एकत्र पाहून, ती दुर्मिळ गोष्ट या मृतदेहात घडल्यासारखी दिसते की नाही, एवढेच मी सांगतो.

दोन गैरसमज मात्र दूर केले पाहिजेत. गळ्याजवळचे कंठिकास्थी मोडलेले नाही म्हणजे जोर लावलेला नव्हता, असा निष्कर्ष वकील काढतात. तरुण वयात ते हाड लवचीक असते आणि अनेकदा मोडत नाही. दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. मृत स्त्रीच्या हातांवर प्रतिकाराच्या जखमा नाहीत, म्हणून तिने विरोध केला नसावा, असे म्हटले जाते. जिची शुद्ध दहा सेकंदांत गेली, तिच्या हातांवर काय उमटणार? तिच्या रक्तात मद्य असेल तर प्रतिकार आणखी दुबळा.

आणि एक गोष्ट जी अहवालात लिहायला रकाना नसतो: शवविच्छेदनातून किती जोर लागला, कोणत्या दिशेने लागला, साधारण किती वेळ लागला असावा, हे कमीअधिक खात्रीने सांगता येते. तिला काय हवे होते हे त्यातून कळत नाही. तपास अधिकारी मला हे विचारतात, आणि ‘हा माझा विषय नव्हे’ असे लिहून दिल्यावर नाराज होतात.

शब्दवेडी

डॉक्टरसाहेब, तुमच्या प्रतिसादाने एक प्रश्न उभा राहिला. तिने सुरुवातीला होकार दिला होता असे वादापुरते मानले, तरी शुद्ध हरपल्यानंतरच्या त्या मिनिटांत तो होकार कोणाचा?

साक्षीपुरावा

याचे सरळ उत्तर कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ‘आर विरुद्ध जे. ए.’ प्रकरणात दिले आहे. तेथे स्त्री जिवंत होती. गळा दाबला जाऊन शुद्ध हरपण्यास तिची संमती होती, आणि बेशुद्धावस्थेत केलेल्या लैंगिक कृत्यांबद्दल वाद होता. न्यायालयाने ६ विरुद्ध ३ अशा बहुमताने ठरवले की लैंगिक कृत्यासाठीची संमती ही त्या कृत्याच्या संपूर्ण काळात जागी असावी लागते. आगाऊ देऊन ठेवलेली संमती बेशुद्ध माणसाच्या वतीने पुढे चालू राहत नाही, कारण संमती मागे घेण्याची शक्तीच तेव्हा त्याच्यापाशी नसते. लैंगिक अत्याचाराच्या कायद्यातला हा निकाल आहे, खुनाच्या खटल्याला तो आपोआप लागू होत नाही. पण डॉक्टरांनी सांगितलेली मिनिटे आणि हा निकाल शेजारी ठेवून वाचण्यापासून तुम्हाला कोणी अडवलेले नाही.

तटस्थ

सगळे एकाच सुरात बोलत असताना थोडा विसंवादी सूर लावतो, गैरसमज नसावा.

ब्राउनच्या निकालाचा येथे आदराने उल्लेख होतो आहे, तो मला खटकतो. तो खटला समलिंगी पुरुषांवर होता, सगळे प्रौढ होते, कोणालाही कायमची इजा झाली नव्हती, तक्रार कोणीच केली नव्हती, आणि निकाल ३ विरुद्ध २ असा काठावर लागला. लॉर्ड मस्टिल आणि लॉर्ड स्लिन यांची भिन्नमते आजही वाचण्यासारखी आहेत. तीनच वर्षांनी, १९९६ साली, विल्सन नावाच्या प्रकरणात पत्नीच्या सांगण्यावरून तिच्या अंगावर तप्त सुरीने आपली आद्याक्षरे उमटवणाऱ्या नवऱ्याला त्याच देशाच्या अपील न्यायालयाने सोडून दिले, आणि नवरा-बायकोच्या घरातील खाजगी व्यवहारात फौजदारी कायद्याने डोकावू नये अशा अर्थाचे बोल ऐकवले. न्यायालयांना संमतीची चिंता होती की आरोपींच्या अभिरुचीची, हा प्रश्न रास्त आहे.

दुसरा मुद्दा निर्दोषत्वाच्या गृहीतकाचा. असे अपघात घडतच नाहीत असे डॉक्टरसाहेबही म्हणत नाहीत. १९९५ च्या स्लिंग्सबी प्रकरणात अंगठीमुळे झालेल्या आतल्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊन स्त्रीचा मृत्यू झाला. इजा करण्याचे कोणाच्याच मनात नव्हते, आणि न्यायालयाने तो मनुष्यवधही मानला नाही. मला तो निर्णय बरोबर वाटतो. प्रत्येक आरोपी खोटेच बोलतो हे गृहीत धरून कायदा रचला तर एखाद्या खऱ्या अपघाताला जन्मठेप होईल.

साक्षीपुरावा

तटस्थराव, विल्सनबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य, आणि ब्राउनमधील काही न्यायमूर्तींची भाषा आज वाचवत नाही हेही मान्य. स्लिंग्सबीचा निर्णय मलाही बरोबर वाटतो. पण तो प्रसंग आणि मिनिटे मोजून गळा दाबून ठेवण्याचा प्रसंग यांच्यात जे अंतर आहे, ते ओलांडण्यासाठीच ‘संमती’ हा शब्द वापरला जातो, हा माझा आक्षेप आहे. आरोपीने आपली बाजू मांडू नये असे कोणीच म्हणत नाही. ती मांडताना तो जो पुरावा आणतो, त्याबद्दल मी बोलतो आहे.

हा पुरावा जवळजवळ नेहमी मृत स्त्रीच्या चारित्र्यावर उभा असतो. तिने पूर्वी कोणाला काय संदेश पाठवले, कोणत्या संकेतस्थळावर खाते उघडले, जुन्या जोडीदाराशी तिचे कसे जमत असे, हे सगळे भर न्यायालयात वाचले जाते, दुसऱ्या दिवशी छापले जाते, आणि तिच्याकडून खुलासा करायला कोणी नसते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १९८६ साली झालेल्या एका तरुणीच्या हत्येत बचाव पक्षाने तिची दैनंदिनी मागितली, आणि वृत्तपत्रांनी त्या दैनंदिनीवर मथळे रंगवले. आरोपीने १९८८ मध्ये तडजोड करून मनुष्यवध कबूल केला.

याहून बोलके उदाहरण कॅनडाचे ‘आर विरुद्ध बार्टन’. एडमंटन शहरात २०११ साली एका मूलनिवासी स्त्रीचा हॉटेलच्या खोलीत रक्तस्रावाने मृत्यू झाला. खटल्यात तिचा उल्लेख नावाऐवजी तिची जमात आणि तिचा व्यवसाय सांगून वारंवार झाला. पूर्वीच्या लैंगिक व्यवहाराचा पुरावा आणायचा तर आधी स्वतंत्र अर्ज करून न्यायाधीशांची परवानगी घ्यावी लागते, असा तेथील कायदा असूनही तो बाजूला राहिला. २०१५ मध्ये ज्यूरीने आरोपीला सोडले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली त्या चुकांवर बोट ठेवून मनुष्यवधाचा खटला पुन्हा चालवण्यास सांगितले, आणि २०२१ मध्ये तो दोषी ठरून त्याला साडेबारा वर्षांची शिक्षा झाली. तथ्ये दोन्ही खटल्यांत मूलतः तीच होती. मृत स्त्रीबद्दल कोणत्या गोष्टी कोणत्या रीतीने सांगता येतील, याचे नियम दुसऱ्या वेळी पाळले गेले.

आणि आपल्याकडे? आपल्या साक्ष्य अधिनियमाचे कलम ४८, म्हणजे जुन्या पुरावा कायद्याचे ५३-अ, सांगते की संमतीचा प्रश्न असताना पीडितेचे चारित्र्य किंवा तिचा पूर्वीचा लैंगिक अनुभव गैरलागू आहे. ते कलम लैंगिक गुन्ह्यांची यादी देते. त्या यादीत खून नाही. बलात्कारातून वाचलेल्या स्त्रीला जे संरक्षण आहे, ते निव्वळ खुनाच्या आरोपात मारल्या गेलेल्या स्त्रीला या कलमाच्या शब्दांतून मिळत नाही.

कलमकसाई

भारतापुरता प्रश्न अनुत्तरित राहिला आहे, तो घेतो. उत्तर थोडे लांबेल.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तरी या विषयातील मजकूर जवळजवळ जुन्या दंड संहितेचाच आहे. कलम २५ (जुने ८७) म्हणते की अठरा वर्षांवरील माणसाने संमती दिली असेल तर त्याला झालेली इजा गुन्हा ठरत नाही, मात्र कृत्य मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडवण्याच्या हेतूचे नसावे, आणि तसे घडण्याचा संभव आहे हे करणाऱ्याला ठाऊक नसावे. जिवाला धोका उत्पन्न करणारी दुखापत ही व्याख्येनेच गंभीर दुखापत असते. तेव्हा श्वास बंद होईपर्यंत गळा दाबणाऱ्याला कलम २५ चा आडोसा मिळणे फार कठीण. कलम २८ त्यापुढे सांगते की भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली, तसेच नशेमुळे कृत्याचे स्वरूप न समजणाऱ्याने दिलेली संमती ही संमतीच नव्हे.

खरा धोका दुसरीकडे आहे. कलम १०१, म्हणजे जुने ३००, त्याचा पाचवा अपवाद पाहा: अठरा वर्षांवरील व्यक्तीने स्वतःच्या संमतीने मृत्यू पत्करला असेल, किंवा मृत्यूचा धोका पत्करला असेल, तर तो खून नव्हे, सदोष मनुष्यवध. न्यूझीलंडमध्ये ज्याला सरळ नकार आहे, त्याला आपल्याकडे अंशतः का होईना, छापील होकार आहे. ‘धोका पत्करला’ हे दोन शब्द कोणत्या आरोपीच्या उपयोगाचे आहेत ते सांगायला नको.

हा अपवाद आला कोठून? मेकॉले यांच्या आयोगाने १८३७ मध्ये दंड संहितेचा जो मसुदा केला, त्याच्या टिपणांत संमतीने झालेल्या वधाची जी उदाहरणे आहेत त्यांत एक असे आहे: लुटारूंच्या हाती सापडू नये म्हणून घरातील स्त्रियांना त्यांच्याच विनवणीवरून ठार करणारा उच्चकुलीन पुरुष. असा वध खुनाइतका निंद्य नाही, असा त्या टिपणाचा सूर आहे. त्या स्त्रियांनी विनवणी केली होती हे सांगणार कोण, तर तो पुरुषच.

गंमत अशी (गंमत म्हणवत नाही) की त्याच कंपनी सरकारने आठ वर्षे आधी नेमकी उलट भूमिका घेतली होती. ४ डिसेंबर १८२९ च्या बंगालच्या सतराव्या विनियमाने सतीला साहाय्य करणाऱ्यांना सदोष मनुष्यवधाचे अपराधी ठरवले आणि स्पष्ट म्हटले की त्या स्त्रीची इच्छा होती की नव्हती, याने काही फरक पडत नाही. दीडशेहून अधिक वर्षांनी, राजस्थानातील देवराळा गावी घडलेल्या सतीच्या घटनेनंतर झालेल्या १९८७ च्या सतीप्रतिबंधक कायद्यातही व्याख्येतच लिहिले आहे की ते दहन स्वेच्छेचे असल्याचा दावा केला गेला असला तरी ती सतीच. ‘दावा’ हा शब्द मसुदा करणाऱ्याने विचार करून घातला असावा. जळून गेलेल्या स्त्रीची इच्छा काठावर उभे असलेल्यांनी सांगायची, हा प्रकार आपल्याला इतका जुना आणि इतका परिचयाचा आहे की बाकीच्या जगाने विसाव्या शतकात शोध लावल्यासारखे बोलू नये.

पाचव्या अपवादाचा लाभ पतीला मिळाल्याचे एक प्रकरण कायद्याच्या पुस्तकांत हमखास असते: पाटणा उच्च न्यायालयाचे १९५८ चे ‘दशरथ पासवान विरुद्ध बिहार राज्य’. वार्षिक परीक्षेत सलग तीन वर्षे नापास झालेल्या तरुणाने जीव द्यायचे ठरवले, बायको म्हणाली आधी मला मार, त्याने तिला मारले, आणि तो स्वतः जिवंत राहिला. खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरून पाच वर्षांची शिक्षा झाली. ज्या दोघांत ते बोलणे झाले, त्यांच्यापैकी एकच न्यायालयासमोर उभा होता. विद्यार्थिदशेत हे प्रकरण मी अपवादाचे सुबक उदाहरण म्हणून पाठ केले होते. त्या बायकोबद्दल वर्गात कोणी प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही.

तरीही भारतीय कायदा इंग्लंडच्या कायद्याहून एका बाबतीत कडक आहे. खुनासाठी मारण्याचाच हेतू लागतो असे नाही. विशिष्ट इजा करण्याचा हेतू होता आणि ती इजा सर्वसाधारणपणे मृत्यू घडवण्यास पुरेशी होती, एवढे पुरते, हे सर्वोच्च न्यायालयाने ‘विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य’ या १९५८ च्याच निकालात निःसंदिग्ध केले. ‘तेवढी इजा करायची होती, पण मरावी असे वाटत नव्हते’ हे म्हणणे त्यामुळे येथे फारसे चालत नाही. शिवाय अपवादाचा लाभ हवा असेल तर तो सिद्ध करण्याचा भार साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे आरोपीवर असतो, आणि बंद दाराआड जे फक्त त्यालाच ठाऊक आहे त्याचा खुलासा कलम १०९ प्रमाणे त्यानेच द्यायचा असतो. २००६ चा ‘त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा नांदेड जिल्ह्यातील खटला यासाठी वाचावा. पत्नी साप चावून मेली असे सांगण्यात आले होते, शवविच्छेदनात गळा दाबल्याचे निघाले, आणि घराच्या चार भिंतींत घडलेल्या गुन्ह्यात घरातल्यांनी गप्प बसून किंवा खोटा खुलासा देऊन सुटू नये, असे न्यायालयाने म्हटले. तेथे साप होता, येथे संमती आहे.

तटस्थ

त्रिमुख मारोतीचा निकाल वाचला आहे, पण त्याच्या सोबत १९५६ चा ‘शंभुनाथ मेहरा’ही वाचावा. खुलासा मागण्याआधी सरकारी पक्षाने आपले प्राथमिक ओझे स्वतः उचलले पाहिजे, हे त्यात आहे. एवढे नमूद करून थांबतो. पाचव्या अपवादातील ‘धोका पत्करला’ हे शब्द काढावेत, असे मात्र मलाही आता वाटते. इच्छामरणाचा विचार वेगळ्या कायद्याने व्हावा.

शब्दवेडी

सर्वांचे मनापासून आभार. हे वाचताना मला सारखा ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा १९७८ चा निकाल आठवत होता. पोलीस ठाण्यात अत्याचार झालेल्या मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणून तिची संमती होती, असा अर्थ तेव्हा काढला गेला, आणि त्यावरून देशभर उठलेल्या संतापामुळे १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला. या धाग्यातील खटल्यांत चाळीस जखमा आहेत, आणि त्यांचाही अर्थ संमती असाच लावायचा प्रयत्न आहे.

भाषांतरापुरता निर्णय घेतला आहे. ‘बचाव’ हा शब्द ब्राउनचा निकाल आणि कलम ७१ यांच्या परिच्छेदांतच ठेवते, कारण तेथे तो कायद्याच्या नेमक्या अर्थाने आला आहे. इतर सर्व ठिकाणी, मथळ्यासह, ‘संमतीचा दावा’ असे करते आहे. मूळ लेखिकेला पत्र लिहून हा फरक कळवते आणि तळटीपेत ऑकलंडच्या खटल्यातील कलम १६७ घालते. संपादकांनी तळटीपेला १०० शब्द दिले आहेत. कलमकसाईंच्या प्रतिसादातील १८२९ आणि १९८७ त्यात कसे बसवायचे, हे आता पाहते.